पुसलेली द्राक्षं

“अरे बाबा, तू काय द्राक्षांना आंघोळ घालू राहिला का?”

लीलाबाईंनी माझं मनगट धरलं, तेव्हा माझ्या डाव्या हातात द्राक्षांचा घड होता आणि उजव्या हातात पिवळं फडकं. घड चकचकत होता. एकेक मणी काचेच्या गोटीसारखा. सकाळी आठपासून मी अकरा क्रेट असे चकचकीत करून पुढच्या टेबलाकडं सरकवले होते आणि आता कुणीतरी येऊन पाठीवर थाप मारणार अशी माझी समजूत होती.

“धूळ होती,” मी म्हणालो. “पांढरी. सगळ्यांवरच होती. पुसली.”

“धूळ?”

“आमच्याकडं पुसल्याशिवाय माल पुढं सोडत नाहीत.”

लीलाबाई मटकन खाली बसल्या. स्टुलावर नाही, फरशीवर. पदर तोंडाला लावला. त्या रडतात की हसतात ते मला कळेना. मग पदराआडून आवाज फुटला.

“बायांनो, इकडं या गं! कंपनीवाल्या भाऊनं द्राक्षांना पॉलिश मारलं!”

बाया धावल्या. एकीनं घड देठाला धरून उजेडात फिरवला. दुसरी म्हणाली, “माझ्या नवऱ्याची मोटरसायकल पण आणू का उद्या?” तिसरीला हसता हसता ठसका लागला. सगळं पॅकहाऊस हसत होतं, आणि शेवटी मीही हसलो.

गोष्ट इथं संपते.

*

निदान मी तरी ती इथंच संपवत आलो आहे. सोळा वर्षं. लग्नकार्यात पंगत उठली की मेहुणे आग्रह करतात, “दाजी, ती द्राक्षांची होऊन जाऊ द्या.” माझी मुलगी ईश्वरी लहानपणी रोज मागायची. “बाबा, पुसायची गोष्ट.” मी सांगायचो, ती खिदळायची, पांघरूण ओढून झोपायची.

ऐकणाऱ्याला एक मात्र समजावून द्यावं लागतं. ती पांढरी धूळ म्हणजे धूळ नव्हे. ती द्राक्षाची स्वतःची असते, मेणासारखी, अंगाबरोबर आलेली. ती शाबूत असली की फळाला कुणाचा हात लागलेला नाही असं समजतात. मग ते बोटीवर महिनाभर टिकतं आणि परदेशातलं गिऱ्हाईक ते घेतं. म्हणून घड कायम देठाला धरायचा. एवढं सांगितलं की लोक दुसऱ्यांदा हसतात.

आज दुसऱ्या हसण्याच्या पुढं जायचं आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

*

मागं म्हणजे मार्च २००९. मी एकोणतीस वर्षांचा. सातपूरला एका कारखान्यात नऊ वर्षं तपासणीच्या टेबलावर होतो. गाड्यांचे शाफ्ट यायचे. फडक्यानं तेल पुसायचं, व्हर्नियरनं जाडी मोजायची, शिक्का मारायचा. माझ्यानंतर त्या शाफ्टला कारखान्यातला दुसरा हात लागत नसे.

मंदी आम्हाला पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये दिसली. बुधवारचा शिरा बंद झाला. मग तीन दिवसांचा आठवडा आला. मग कंत्राटी मुलं गेली आणि पाठोपाठ आम्ही, ज्यांना सलग चार वर्षं ‘यंदा कायम करतो’ असं सांगितलं होतं.

पुढचे दोन महिने मिळेल ते. दोन दिवस लग्नात वाढपी. तिथं एका पंगतीला आमचाच फोरमन बसला होता, मी त्याला जिलेबी वाढली आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. तीन दिवस एका दुकानाबाहेर पत्रकं वाटली. एक दिवस परीक्षेच्या बाकांवर आकडे चिकटवले. एक सकाळ मजूर अड्ड्यावर उभा राहिलो. तिथं प्रत्येकाच्या हातात त्याचं काम दिसत असतं, थापी, करवत, रंगाचा ब्रश. मी खिशातून व्हर्नियर काढून हातात धरला. मुकादम जवळ येऊन म्हणाला, “हे काय, ताप बघायचं? डॉक्टर का तुम्ही?”

बायको, उज्ज्वला, तेव्हा बाळंतपणाला येवल्याला माहेरी होती. मुलगी झाली होती. मी अजून पाहिली नव्हती. रिकाम्या हातानं त्या घराची पायरी चढवत नव्हती.

सासऱ्यांचा फोन मंगळवारी आला.

“जावईबापू, लागलं का काही?”

“बघतोय, मामा.”

“बघा, बघा. घाई नाही. पोरगी माझी, नात माझी, घर माझं. पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सव्वा महिना झाला तरी तुमच्या हाताला काम नसलं, तर मी दोघींना नाशिकला धाडायचा नाही. भाड्याच्या खोलीत तान्ह्या पोरीनं काय भिंती बघायच्या का?”

“बरोबर आहे तुमचं.”

“रविवारी बारसं आहे. चार लोक विचारतील, जावई काय करतात? त्यांना सांगण्यासारखं काहीतरी घेऊन या.”

मंगळवार ते रविवार. मधे चार दिवस.

*

बुधवारी दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसमध्ये, जिथं परदेशी जाणारी द्राक्षं निवडून डब्यांत भरतात, मला घेतलं. व्यवस्थापक वाबळे म्हणून होते. बुटके, सतत घाईत, कानाला फोन. ते म्हणाले, “सुरगाण्याच्या निम्म्या बाया शिमग्याला निघाल्यात. आठवडाभर हात कमी पडणार. बाप्या माणूस मी टेबलावर कधी बसवला नाही. पण बसवतो. पुढचं पुढं बघू. हंगाम एप्रिलअखेर चालतो.”

एप्रिलअखेर. मी मनात सव्वा महिना मोजून पाहिला. बसत होता.

“आणि टोपीचं माहीत आहे ना?” त्यांनी विचारलं.

माहीत नव्हतं. एका बाईनं सांगितलं. प्रत्येकाला केस झाकायला पांढरी कापडी टोपी मिळायची, तिच्यावर शाईनं टेबलाचा आकडा. संध्याकाळी, सुरगाण्याच्या बायांना हंगामापुरत्या मुक्कामावर सोडणारी गाडी निघताना, वाबळे दारात उभे राहायचे. ज्याच्यापुढं त्यांचा हात आला, त्यानं टोपी काढून द्यायची. म्हणजे उद्यापासून नाही. ज्याच्यापुढं आला नाही, त्यानं ती सोबत न्यायची, धुवायची, सकाळी घालून यायची. यावर कुणी काही बोलत नसे. का म्हणून विचारत नसे. दोन मिनिटांत सगळं आटपायचं.

बुधवारी मी दिवसभर क्रेट धुतले. संध्याकाळी दारातून जाताना मान ताठ करून सरळ समोर बघत चाललो. हात पुढं आला नाही. घरी येऊन टोपी धुतली, दोरीवर टाकली आणि वाळेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो. माझ्या टोपीवर आकडा नव्हता. तात्पुरत्याला आकडा देत नसत.

*

गुरुवारी सकाळी सात नंबरच्या टेबलावर, लीलाबाई भोयेंच्या समोर उभा केला गेलो.

लीलाबाई चाळिशीच्या असतील. बारक्या चणीच्या, हात मात्र भलतेच चपळ. त्यांच्या कात्रीच्या कड्याला लाल काठाच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, अंगठ्याला घट्टा पडू नये म्हणून. निम्म्या बाया गेल्यामुळं त्या एकट्या तीन टेबलं बघत होत्या. घड हातात घेऊन त्या मला दाखवत होत्या आणि बोलतही होत्या.

“सडका, फुटका, बारीक मणी कात्रीनं उडवायचा. बारीक म्हंजी किती, ते नजरेला कळतं.”

“माझ्याकडं माप आहे,” मी म्हणालो आणि व्हर्नियर काढून एक मणी मोजला. “साडेसतरा मिलिमीटर.”

“आगं आई! द्राक्षाला चप्पल घ्यायची का?” त्या हसल्या. “ठेव ते खिशात. लेकरं किती तुला?”

“एक. मुलगी. नऊ दिवसांची.”

“नऊ दिवसांची! आन् तू हिथं?”

मी सांगितलं सगळं. सासरे, बारसं, सव्वा महिना. खरं तर अनोळखी बाईला एवढं सांगायचं कारण नव्हतं. पण हात कामात असले की तोंडाला धरबंध राहत नाही.

“तुम्ही नाही गेलात शिमग्याला, मावशी?” मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं. दोन-तीन वाक्यांचं. ते मी दर वेळी गाळतो. आत्ताही गाळतो, जरा वेळानं येईल.

तेवढ्यात नऊ नंबरवरून हाक आली. “आलेच,” म्हणत लीलाबाई गेल्या. जाताना क्रेटमध्ये टाकायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. प्रत्येक चिठ्ठीवर ७. “हे टाकत जा, म्हंजी माल कुणाचा ते कळतं. थांब, घड कसा धरायचा ते येऊन सांगते.”

त्या तीन तास आल्या नाहीत. तीन टेबलं होती त्यांना. आणि मला ती पांढरी धूळ दिसली, आणि माझ्या मागच्या खिशात नऊ वर्षांची सवय घडी घालून ठेवलेली होती.

पुढचं वर आलंच आहे. आंघोळ, पॉलिश, मोटरसायकल, हसणं.

*

हसणं दुपारपर्यंत टिकलं. मग वाबळे आले.

माझे अकरा क्रेट तोवर पुढच्या टेबलावर इतरांच्या मालात मिसळून डब्यांत भरले गेले होते. माल बघायला आलेल्या माणसानं सहज एक डबा उघडला, मग दुसरा, आणि सगळी थप्पीच बाजूला काढायला लावली. डबे फोडून घड पुन्हा निवडायचे, चकचकीत तेवढे गावातल्या बाजारात. शनिवारच्या बोटीचा माल अपुरा पडणार. वाबळ्यांच्या हातात फुटलेल्या डब्यातली चिठ्ठी होती.

“सात नंबर कुणाचा?”

मघा हसत असलेल्या बाया आपापल्या क्रेटमध्ये तोंड घालून उभ्या राहिल्या.

“माझा,” लीलाबाई म्हणाल्या.

“हे कुणी केलं?”

मी तोंड उघडलं. घशातून आवाज निघाला नाही. असं म्हणतात ना, तसं झालं. म्हणजे मी तसं म्हणत आलो आहे. आवाज निघाला नाही की काढला नाही, हे सांगायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

“माझ्या टेबलावर झालं, साहेब,” लीलाबाई म्हणाल्या. “त्याला मी दाखवलं नाय. तीन टेबलं होती मला.”

“मला कारणं नकोत,” वाबळे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. तो माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. “मालकाचा दोनदा फोन येऊन गेला. मला वर सांगायचंय की एकाला काढला. सातवर दोघं आहात. संध्याकाळी एक टोपी पाहिजे. कुणाची ते तुमचं तुम्ही ठरवा.”

आणि ते गेले.

दुपारभर आम्ही समोरासमोर उभे राहून काम केलं. मी घड देठाला धरत होतो. एकदा त्यांनी माझ्या क्रेटमधला घड उचलला, दोन मणी काढले आणि परत ठेवला. “आता बराय,” म्हणाल्या. बस.

माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. टोपी दिली तर रविवारी येवल्याला काय सांगू? नाही दिली तर? शुक्रवारी दुसरं काम शोधू, शनिवारी शोधू. कुठं? अड्ड्यावर? व्हर्नियर घेऊन?

संध्याकाळी दारात रांग लागली. वाबळे उभे. बाया एकेक करून निसटत होत्या. आमच्या दोघांपुढं त्यांचा हात आला आणि मधेच थांबला. दोघांच्या बरोबर मधे.

माझा हात टोपीपर्यंत गेला होता. हे खरं आहे, शपथेवर सांगतो. टोपी काढायला गेला होता की कपाळावरचा घाम पुसायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“घ्या,” लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी टोपी काढून वाबळ्यांच्या हातात ठेवली. तेल लावून चापून बसवलेले केस मोकळे दिसले. “मला तसंबी उद्या शिमग्याला जायचंय.”

वाबळ्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “मग आधी बोलायचं ना, बाई! उगाच दिवसभर टांगून ठेवलं. जा, जा. सण करा.” आणि तीच टोपी माझ्यापुढं धरली. “तुमची बिनआकड्याची द्या इकडं. ही घ्या. उद्यापासून सात नंबर तुम्ही.”

मी घेतली. कड आतून कोमट होती.

*

आता ते गाळलेलं उत्तर.

सकाळी मी विचारलं होतं, तुम्ही नाही गेलात शिमग्याला, मावशी? आणि लीलाबाई म्हणाल्या होत्या:

“यंदा शिमगा नाय. मालक बोलले, हंगाम एक दिवस न मोडता पुरा केला, तर पुढच्या साली बायांची टोळी माझ्या नावावर. म्हंजी हंगामाला गावातून गाडी माझ्या दारातून निघंल, भाऊ. बाया माझ्या ओट्यावर येऊन थांबतील. अकरा वर्षं मी दुसरीच्या ओट्यावर थांबले.”

म्हणजे दारात उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं की शिमगा खोटा आहे.

*

गाडीपाशी मी त्यांना गाठलं.

“मावशी...”

“काय?”

मला खूप बोलायचं होतं. मी म्हणालो, “तुमची कात्री टेबलावर राहिली.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला आवडलं असतं.

“वापर,” त्या म्हणाल्या. “चिंधी काढू नको, अंगठा सोलंल. नाव काय ठेवणार पोरीचं?”

“ठरलं नाही अजून.”

“ठरवा लौकर,” म्हणत त्या गाडीत चढल्या. मागं बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. गाडी वळली तेव्हा त्या दुसरीकडं बघत होत्या.

*

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मधे यायला नको. मी एप्रिलअखेर काम केलं. सव्वा महिना होताच उज्ज्वला आणि ईश्वरी नाशिकला आल्या. ऑगस्टमध्ये कारखान्यानं परत बोलावलं, दोन वर्षांनी कायमही केलं. पुढच्या हंगामात मी सुट्टीच्या दिवशी दोनदा पॅकहाऊसवर जाऊन आलो. गाडी दुसऱ्याच कुणाच्या तरी दारातून निघते असं कळलं. सुरगाण्याला गेलो नाही. बसनं अडीच-तीन तास लागतात.

*

रविवारी बारसं झालं. अर्धा दिवस सुट्टी काढून मी येवल्याला पोचलो. सासऱ्यांनी दारातच मिठी मारली.

“लागलं?”

“लागलं.”

“कशात?”

“द्राक्षांच्या. बाहेरच्या देशात जातात ती.”

“एक्स्पोर्ट!” सासरे ओसरीवरच्या चार लोकांकडं वळले. “ऐकलं का? जावई एक्स्पोर्टमध्ये आहेत.”

मी मुलगी पहिल्यांदा पाहिली. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. मला घाम फुटला म्हणून रुमाल काढला, तर खिशातून टोपी पडली. उज्ज्वलाच्या मावशीनं उचलली.

“अगं बाई, बाळाला कुंची आणली का बापानं? आणि हे काय, सात? सातवी पोरगी येईपर्यंत थांबायचं नाही वाटतं!”

बायका खो खो हसल्या. मावशीनं ती टोपी तान्ह्या पोरीच्या डोक्यावर ठेवली. टोपी नाकापर्यंत आली, वर शाईचा ७. सगळे बघायला वाकले.

मी ती हिसकावली. एवढ्या जोरात की पोरगी दचकून रडायला लागली.

“मळकी आहे,” मी म्हणालो.

मळकी नव्हती. रोज धूत होतो.

*

पुढच्या गुरुवारी सकाळी सुरगाण्याची गाडी आली. सणाला गेलेल्या बाया उतरल्या. कानामागं, नखांत अजून रंग होता. कुणीतरी पिशवीतून सणाचं उरलंसुरलं खायला काढलं. कलकलाट चालला होता. त्यातली एक तरणी पोर, बारा नंबरची टोपी घातलेली, सरळ माझ्या टेबलापाशी आली. कांता तिचं नाव. लीलाबाईंच्या भावाची मुलगी.

“आत्या कुठंय?”

मी कात्री थांबवली.

“शिमग्याला गेल्या,” मी म्हणालो.

कांतानं वळून गाडीकडं पाहिलं. उतरणाऱ्या बायांकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

“शिमग्याहून तर आम्ही येऊ राहिलो,” ती म्हणाली. “घरी नाय आली ती. आम्ही म्हटलं, हिथंच हाय.”

तिची नजर माझ्या टोपीवरच्या आकड्यावर गेली. तिथून खाली माझ्या हाताकडं आली, कात्रीच्या कड्याकडं, लाल काठाच्या चिंधीकडं. बराच वेळ तिथंच राहिली.

“चला, गप्पा नंतर!” वाबळे दारातून ओरडले. “टेबलं धरा!”

कांता हलली नाही. मग हलली. बारा नंबरवर गेली नाही. माझ्या समोर, लीलाबाई उभ्या राहायच्या तिथं येऊन उभी राहिली आणि एक क्रेट माझ्याकडं सरकवला.

ती बघत होती. मी वरचा घड उचलला. देठाला धरून, कुठं धक्का न लागता, अगदी शिकवल्यासारखा. उजेडात धरला. पांढरी भुकटी मण्यामण्यावर जशीच्या तशी होती. कुणाचा हात लागलाय असं कुणालाही दिसलं नसतं.